आमसुलं आणि नेटची वायर
आमसुलांचा आंबट वास आला की मला मिठबावच्या घराची पडवी आठवते. एका मे महिन्यात मी तिथे घरूनच काम करत होतो आणि नवीन वायर जोडूनही कॉम्प्युटरवर नेट रखडत चालायचं. ती वायर पडवीतून, आईच्या सुपांमागून जायची. सुपांत मीठ लावलेली, रसात भिजवलेली कोकमाची सालं वाळत असत. खारं पाणी वायरीत गेलं असणार, असं ठरवून मी आईवर ओरडलो. ‘माका तुझ्या तारेतला काय कळता? उचलतंय मी,’ एवढंच म्हणून तिने सुपं मागच्या अंधाऱ्या खोपीत नेली. चार दिवसांनी नेटवाला आला. वायरीचं टोक बघून त्याने विचारलं, ‘ही पिन कोणी बसवली? आठांतल्या चारच तारा लागल्यात, म्हणून नेट रखडतंय.’ पिन मीच बसवली होती. तोवर खोपीतल्या सालांना बुरशी आली होती. आईने ती माडाच्या मुळाशी टाकली आणि मला विचारलं, ‘आता बरा चलता मा?’ मी ‘हो’ म्हणालो. खरं कारण तिला अजून सांगितलेलं नाही. दर मे महिन्यात सुपं मांडण्याआधी ती आजही मला विचारते, ‘तुझी तार खंय आसा रे?’