ना मराठी, ना गुजराती

वापीच्या न्यूरॉलॉजिस्ट बाईंनी टेबलावरचं पेन उचलून मला विचारलं, “हे काय?” मी म्हणाले, “खमोडी.” त्यांनी माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. तो पटकन म्हणाला, “मॅडम, गुजराती आहे ते. हिचं माहेर उंबरगावचं.” बाई स्वतः गुजराती. त्या म्हणाल्या, “असा शब्द गुजरातीत नाही. ह्यांना स्ट्रोक होऊन गेलाय.”

तीन आठवडे माझ्या तोंडून मधूनच असा एखादा शब्द निघत होता. डहाणूच्या घरी, तलासरीच्या शाळेत शिकवताना. सासरच्यांना वाटायचं, गुजराती बोलतेय. फोनवर आईला वाटायचं, लेक पार मराठी झाली. वारली बोलणाऱ्या माझ्या वर्गातल्या मुलांनी तर मॅडमचे शब्द पाठही केले. आपल्याकडे भाषांची भेळ रोजचीच, त्यात माझी वाचा चाललीय हे कोणाच्या लक्षात येणार? माझ्या येत होतं. पण सांगायला शब्द नव्हते.

एमआरआयमध्ये मेंदूच्या डाव्या बाजूला रक्त न पोचलेला भाग दिसला. मग रक्ततपासण्या. नाव निघालं अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम. म्हणजे शरीराचे पहारेकरी घरच्यांवरच उलटतात आणि रक्ताच्या गुठळ्या होतात. कोणाची पायात अडकते, कोणाची फुप्फुसात. माझी मेंदूत अडकली. बाईंनी विचारलं, “आधी गर्भपात झाले होते?” दोन. तेही बहुधा ह्याच आजाराने, त्या म्हणाल्या. तेव्हा सगळे माझ्या दगदगीला बोल लावून मोकळे झाले होते, मीसुद्धा. त्या दिवशी मी रडले ती त्यासाठी.

खात्रीसाठी तीच तपासणी तीन महिन्यांनी पुन्हा. आणि वॉरफरिन, गुठळी होऊ न देणारी गोळी, आता कायमची. रक्त गोठायला किती वेळ लागतो ते मोजायची आयएनआर तपासणी सारखी करावी लागते. दवाखान्याच्या बाकांचा वीट आला आहे. बाई म्हणाल्या, “गेलेला भाग परत येणार नाही. उरलेला सांभाळायचा.”

तुमच्या घरात कोणी अचानक भलतंच बोलू लागलं, तर ते कुठल्या भाषेतलं याचा काथ्याकूट करत बसू नका. लगेच हॉस्पिटल गाठा.

सातवीचा वर्ग माझ्याच्याने होईना. हेडसरांनी ऑफिसचं काम देऊ केलं, मी पहिली मागून घेतली. भिंतीवरच्या चित्रांवर बोट ठेवायचं आणि सगळ्यांनी मिळून शब्द म्हणायचा. कधी मुलांना वेळ लागतो, कधी मला. पहिलीत त्याचं कोणाला काही वाटत नाही.