पारशाच्या बंगल्याचं दार

मंजुळाबाईनं पारशाचा बंगला घेतला, अशी बोंब शेगावात उठली तेव्हा ती स्टेशनच्या रस्त्यावर वांगी विकत बसली होती. "बंगलेवाली, वांगी कशी दिली?" लोक विचारत. ती म्हणे, "तुमच्यासाठी बंगल्याच्या भावानं."

खरं एवढंच, की कापसाच्या जिनातला पारशी शेठ मुंबईला निघाला आणि त्याच्या सामानाचा लिलाव झाला. कोणी आरसा नेला, कोणी पलंग. मंजुळाबाईनं पुढचं दार नेलं, चौकटीसकट. सागवानी, पितळी कडीचं, वर हिरव्या काचा. ते लावायला तिच्याजवळ भिंत नव्हती.

होती ती नुसती नझूलची, म्हणजे सरकारी जागा, नवीनच मिळालेली. अट अशी, की वर्षाच्या आत घर उभं राहिलं नाही तर जागा परत. बाईनं आधी चौकट बसवली. हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, आळीला गूळ वाटला. उस्मान मिस्त्री ओळंबा गुंडाळत म्हणाला, "बाई, चौखट तो खडी हो गई, दीवार किधर है?"

"दार पाहून येतीन भिंती, मिस्त्री."

आल्या, पण गुडघ्याएवढ्या. तेवढ्यात वर्ष संपलं. दार मात्र रोज पुसलेलं, कडी चिंचेनं घासलेली. बाजारात जाताना बाई त्याला कुलूप लावी आणि बकऱ्या भिंतीवरून आत-बाहेर करीत.

तपासणीला मध्यप्रांतातले, थेट जबलपूरकडचे पटेरियाबाबू येणार होते. बोलणं म्हणे नाकातलं. त्यांची नक्कल मी, शेजारच्या पोरीनं, आधीच बसवून ठेवली होती. मी म्हटलं, "मावशी, बाबू भिंत ओलांडून येईन अन् म्हणीन, 'ये मकान है कि मज़ाक?'"

एरवी माझ्या नकलांना पोट धरून हसणारी बाई हसली नाही. जागा गेली, की पुन्हा भावाच्या ओसरीत, भावजयीचे टोमणे ऐकत.

"दारच वाजवीन तो," ती म्हणाली. "लाव पैज. तू हरली तं भिंतीसाठी शंभर टोपल्या माती वाहायची."

बाबू आले. भिंतीपाशी एक पाय उचलला. हिरव्या काचांकडे पाहिलं. पाय खाली घेतला, टोपी सारखी केली आणि कडी वाजवली.

"कोण हाय जी?" बाई तीन हातांवर, त्यांच्या डोळ्यांदेखत चूल सारवत होती.

"नझूल से आए हैं."

"थांबा, हात धुऊन राह्यली."

बाबू उन्हात थांबले. तिनं दार उघडलं. बूट बाहेर काढून ते आत आले, म्हणजे त्याच उन्हात. चटईवर बसले, गुळाचं पाणी प्याले, आणि फाइलीतला प्रश्न वाचला, "छत टपकती है क्या?"

बाईनं वर आभाळाकडे पाहिलं. "आतापर्यंत तं नाही जी."

बाबूंनी लिहिलं: दरवाज़ा पक्का, बाकी काम जारी, छह महीने और. जाताना त्यांनी दार अलगद ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी पहिली टोपली भिंतीवरून आत रिकामी करणार, तोच बाई ओरडली, "ए पोरी! जबलपूरच्या माणसाले समजलं, तुले समजत नाही काय? दारातून ये."

शंभरही टोपल्या दारातून नेल्या. पहिल्या दहांना तिनं कडीसुद्धा वाजवायला लावली.