पेढा आणि वटवाघूळ

डोंबिवलीतल्या एका सभागृहात वटवाघळांवर व्याख्यान होतं. त्याआधी तीन सत्कार झाले आणि सर्वांना एकेक पेढा मिळाला. माझ्या शेजारचे अनोळखी गृहस्थ आपला पेढा तळहातावर घेऊन नुसते बघत बसले होते.

"उद्या शुगर तपासायचीय," ते मला म्हणाले. "उतरली नाही, तर इन्सुलिन सुरू. सुईची मला लहानपणापासून भीती."

मग व्याख्यात्या बाई बोलल्या. फुलातला मध पिणारं वटवाघूळ अंगात फारसं काही साठवत नाही. प्यालेली साखर ते उडता उडताच जाळून टाकतं.

गृहस्थांनी हात वर केला. "मॅडम, पण ते पिऊन लटकूनच राहिलं तर?"

"तर रक्तातली साखर चढलेलीच राहते. उडालं की उतरते."

माणसांबद्दल बाई काहीच म्हणाल्या नव्हत्या. तरी गृहस्थांनी पेढा मोडला, अर्धा तोंडात टाकला आणि उठून खुर्च्यांभोवती भराभर चालू लागले. तेवढ्यात अध्यक्षीय भाषण सुरू झालं.

"अहो काका, बसून घ्या ना!" अध्यक्ष माइकवरून म्हणाले.

"बसलो तर चढेल हो, साहेब! तुमचं चालू द्या."

भाषण लांबलं, त्यामुळे फेऱ्याही पुष्कळ झाल्या. शेवटी ते धापा टाकत खुर्चीत बसले आणि घामेजल्या मुठीतला उरलेला अर्धा पेढा त्यांनी माझ्यापुढे धरला.

"हा तुम्ही घ्या. माझ्याच्याने एवढं उडणं व्हायचं नाही."

मी तो घेतला आणि बसूनच खाल्ला.