दगडाखालचा कोळसा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुमची-माझी ओळख नाही. उद्या रस्त्यात भेटलात तरी तुम्ही मला ओळखणार नाही. बघा, सुरुवातच कशी भित्र्यासारखी झाली.

जळगावात माझं ऑफिस आहे. जमीन मोजणी, लेआउट, नकाशे, बांधकामाची परवानगी — घर बांधायचं म्हणून जे जे लागतं ते सगळं करतो. बिल्डर येतात, शेतकरी येतात, भावाभावांची भांडणं येतात. आणि माझ्याबद्दल लोक काय म्हणतात माहीत आहे? ‘हा माणूस बोटभर इकडचं तिकडे करणार नाही.’ समोरासमोर म्हणतात हो. मी मान खाली घालतो, आणि त्यांना वाटतं, काय विनयशील माणूस!

कसला विनय? शरमेनं मान वर होत नाही, एवढंच.

धुळ्याहून साक्रीकडे जाताना रस्त्याला लागून एक गाव आहे. नाव सांगत नाही. तिथं एका शेठनं रस्त्याकाठचं शेत घेतलं आणि प्लॉट पाडायचं काम मला दिलं. शेजारचं शेत आबांचं. आबा म्हणजे त्या गावचं चालतंबोलतं दप्तर. कुणाचा बांध कुठून जातो, कुठला दगड कुणाच्या आजानं रोवला, सगळं तोंडपाठ. दोन घरांत हद्दीवरून जुंपली की लोक तालुक्याला जायच्या आधी त्यांच्या ओट्यावर जायचे. आबा काठी घेऊन उठायचे, शेतात जायचे, काठी टेकवायचे — इथं. संपलं भांडण. त्यांची सही नसायची, शिक्का नसायचा. सही करायला ते शिकलेच नव्हते.

मी मोजणी केली. आता आमच्या धंद्यातली गोष्ट आहे, पण अगदी साधी आहे. मोजणी एका दगडावरून सुरू करायची आणि दुसऱ्या दोन दगडांवरून तपासून घ्यायची. तिन्ही जुळले तरच पुढं जायचं. हे पहिल्या वर्षाची पोरंसुद्धा सांगतील. त्या दिवशी ऊन मी म्हणत होतं, शेठची माणसं रेघा मारायला चुन्याच्या फक्कीची पोती घेऊन उभी होती, आणि रस्त्याकडचा कोपऱ्याचा दगड असा ताठ, असा सरळ उभा होता की मला वाटलं, हा काय हलणार? एकाच दगडावरून सगळं शेत मोजून मोकळा झालो. चुन्याच्या रेघा पडल्या, फलक लागला, प्लॉट लोकांनी घेतले, दोघातिघांनी पायेसुद्धा खोदले.

आणि मग आबा आले. आरडाओरडा नाही, शिवीगाळ नाही. नमस्कार करून म्हणाले, रेघ बारा फूट माझ्या रानात आली आहे. रस्ता रुंद करताना जेसीबीनं दगड पाडला होता आणि मजुरांनी तो वाटेल तिथं उभा केला, असं त्यांचं म्हणणं. मी काय केलं असेल? हसलो. नुसता हसलो नाही, मोजणीच्या यंत्रावर हात ठेवून हसलो. म्हटलं, आबा, हे मशीन आहे, मशीन चुकत नाही. तेव्हा मला बापाच्या वयाच्या माणसाशी कसं बोलावं हेही कळत नव्हतं, असं म्हणू का? छे. चांगलं कळत होतं.

आबांनी भूमी अभिलेखात मोजणीचा अर्ज टाकला. शेठ चिडला. गावातले चार जाणते मध्ये पडले आणि सगळे शेतावर जमले. तिथं आबांनी जे सांगितलं ते तुम्हाला माहीत नसेल म्हणून सांगतो. आपल्याकडे जुनी माणसं हद्दीचा दगड रोवताना त्याच्याखाली कोळसा पुरत. कोळसा कुजत नाही, उंदीर खात नाही, वरचा दगड कुणी पळवला तरी खालचा कोळसा जागचा हलत नाही. आबा निंबाच्या बुंध्यापासून सात पावलं चालले आणि काठी टेकवून म्हणाले,

“दगड गया ते जाऊ द्या. आठे खाले कोयसा शे. मना बापनी मना समोर टाकेल शे.”

मग त्यांनी एक अट घातली. ते म्हणाले, खोदायचं ते साहेबांनी स्वतः खोदायचं. म्हणजे मी! समोरच्या पार्टीचा माणूस! बाकीच्यांना त्यांनी पंपाच्या खोलीपाशी सावलीत बसवलं. “कोणी जवळ येवानं नही. मंग म्हंतीन, आबानीच टाकी दिधा.” कोळसा निघाला तर माझं खरं, नाही निघाला तर अर्ज मागं घेतो — असा आबांनी चौघांसमोर शब्द दिला. बारा फुटांनी आबा गरीब होणार नव्हते. त्यांना त्यांचा शब्द खरा करायचा होता. आणि तो खरा करायचं काम त्यांनी माझ्या हातात दिलं.

माझा माणूस पाणी आणायला गेलेला. आबांच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, काळा चष्मा लावून ते खड्ड्यापासून दोन हातांवर उभे. मी खोदत होतो. मनातून अगदी निवांत होतो. म्हातारा काहीतरी बरळतोय, दहा मिनिटांत मोकळे होऊ, असं चाललेलं.

हातभर खोल गेलो आणि खापराचा तुकडा लागला. त्याच्या खाली कोळसा. चांगला ओंजळभर. जरासा चुनाही होता, पांढरा.

आता थांबतो जरा. पेन खाली ठेवतो.

मला त्या क्षणी सगळं कळलं. दगड हललेला, मोजणी चुकलेली, प्लॉट चुकलेले, लोकांचे पाये चुकलेले, आणि त्या सगळ्यावर सही माझी. नुसतं ‘आबा, निघाला’ म्हणायचं होतं. दोन शब्द. म्हटलं असतं तर काय झालं असतं? शेठनं आई-बहीण काढली असती. गावभर नाचक्की झाली असती. नकाशा फाडून नवा करावा लागला असता. माणसं याहून मोठी संकटं पचवतात.

मी कोळसा उचलला आणि खांद्याला अडकवलेल्या ओळंब्याच्या पिशवीत टाकला. खापर टाकलं. चुना मातीत मिसळला. मग आणखी हातभर खोदलं — जोरजोरात, आवाज होईल असं. मग घाम पुसला आणि म्हणालो, “आबा, काही नाही इथं.”

शेठनं मला काही दिलं नव्हतं, काही सांगितलंही नव्हतं. त्याला तर आजही यातलं काही माहीत नाही. हे सगळं माझं एकट्याचं.

आबांनी काठी बाजूला ठेवली, हळूहळू खड्ड्यात उतरले, गुडघ्यावर बसले आणि दोन्ही हातांनी माती चाचपायला लागले. बराच वेळ. पंपाकडची माणसं उठून आली, काठावर उभी राहिली. आबा उठले तेव्हा त्यांच्या बोटांना कोळसा लागलेला होता. मी पाहिला. त्यांनी हात धोतराला पुसले आणि धोतरावर काळे ओरखडे उठले. पण तिकडचं रान काळंभोर. काळ्या मातीत काळं कुणाला दिसणार? मलाच दिसलं.

मग त्या माणसानं सगळ्यांसमोर शेठपुढं हात जोडले. “मनी चूक व्हयनी, शेठ. माफी करा.”

दुसऱ्या दिवशी मी उरलेल्या दोन दगडांवरून मोजून पाहिलं. एकटाच गेलो होतो. बारा फूट. आबा काठीनं बोलले होते आणि इंचभरसुद्धा चुकले नव्हते. त्या दिवशीही मला बोलता आलं असतं. तोवर आबांनी अर्ज मागं घेतलेला नव्हता. मी यंत्र पेटीत भरलं आणि जळगावची वाट धरली.

त्यानंतर आबांच्या ओट्यावर कुणी गेलं नाही. पानटपरीवरच्या टवाळांनी त्यांना ‘कोयसा आबा’ म्हणायला सुरुवात केली. हे मला शेठच्याच माणसानं सांगितलं, हसत हसत. मीही हसलो होतो. होय, हसलो होतो.

एवढ्यावर भागलं असतं तर कदाचित मी विसरलोही असतो. माझ्यासारखी माणसं विसरतात. पण तीन वर्षांनी आबांनीच मला बोलावलं. दोन मुलांत शेत वाटून द्यायचं होतं आणि मोजणीला दुसरा कुणी नको, साहेबच हवेत, असा हट्ट. गेलो. तिन्ही दगडांवरून मोजलं — तेव्हा बरं सुचलं! वाटणीचा दगड रोवायची वेळ आली तशी आबांनी घरून आणलेला कोळसा फडक्यातून काढला आणि माझ्यापुढं धरला.

“सायेब, तुमीच टाका. मना ध्यानवर मना भरोसा नही आते.” आणि मुलांकडे वळून म्हणाले, “हाऊ माणूस खोटं बोलत नही.”

मी खड्ड्यात उतरलो आणि कोळसा टाकला. ओळंब्याची ती जुनी पिशवी तेव्हा माझ्या खांद्याला होती. त्यांच्या बापाचा कोळसा तिच्यात होता. आबांपासून चार हातांवर.

म्हणजे मी त्यांचं रान घेतलं ते एक वेळ सोडा, मी त्या माणसाचं डोकं त्याच्याकडून काढून घेतलं. आयुष्यभर ज्यावर उभा होता ते. आता त्यांना स्वतःच्या लग्नाची गोष्ट सांगतानाही मध्येच थांबून विचारावं लागतं, ‘असंच व्हतं ना?’ हे मुलगा सांगत होता. म्हणाला, वय झालं. मी म्हटलं, हो, वय झालं.

आबा आहेत अजून. पिंपळनेरला लेकीकडे असतात. परवाच कामानिमित्त पिंपळनेरातून गेलो, लेकीच्या घरावरून गेलो. बाहेर खाटेवर बसले होते. गाडी थांबवली नाही.

ऑफिसात आलो आणि हे लिहायला बसलो. सगळं लिहिलं, काही झाकलं नाही.

आबांना वाचता येत नाही. म्हणून लिहिलंय.