चाचांचा उतरलेला गंधार

लातूरच्या एका म्हाताऱ्या माणसाला मी पटवून दिलं, की त्याचे कान गेले आहेत. त्याचे कान चांगले होते आणि ते मला माहीत होतं. एवढं लिहायला मला सहा वर्षं लागली. ते आधी लिहून टाकलं म्हणजे बाकीचं सांगता येईल.

मी नांदेडच्या एका महाविद्यालयात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. नादकाटे पुसून खोक्यात ठेवायचे, सोनोमीटरची तार ताणायची, कुणी वहीत चुकीचा आकडा लिहिला तर हळूच सांगायचं, यात पंचवीस वर्षं गेली. आकड्यांवर माझा विश्वास आहे. माणसांशी मी बेताचंच बोलतो.

पेट्यांचा नाद चाळिशीत लागला. मुखेडच्या आठवडी बाजारात एका भंगारवाल्यापाशी एक पेटी पडली होती. कुठल्यातरी भजनी मंडळाची असावी. झाकणावर हळदीकुंकवाचे डाग होते आणि भात्यात उंदरानं घर केलं होतं. ती आणली, उघडली, आणि मग काही थांबता आलं नाही. देगलूरहून एक आणली, निलंग्याहून दोन, शिवाय तारा नसलेला एक दिलरुबा. भात्याचं कापड बदलायचं, सुटलेलं चामडं सरसानं चिकटवायचं, वाकलेल्या स्प्रिंगा सरळ करायच्या. रविवार त्यातच जायचा.

बायको लातूरची. तिची जीभ माझ्यासारखी नाही.

"घरात माणसं दोन आन् पेट्या सात," ती म्हणायची. "पाहुणे आले तर पेटीवर बसवायचे का?"

"तीन वाजतात त्यातल्या."

"मग बाकीच्या चार कशाला सांभाळून राहिलात? त्या काय नात्यातल्या हायत का?"

पेटीच्या पोटात एक फळी असते. तिच्यावर पितळी सूर बसवलेले असतात, पट्टीगणिक एक. प्रत्येक सुराला कागदासारखी पातळ जीभ असते. हवा गेली की ती थरथरते आणि बोलते. जिभेचं टोक खरवडलं की आवाज चढतो, बुड खरवडलं की उतरतो. खरवडून गेलेलं पितळ परत येत नाही, एवढं भान हाताला ठेवावं लागतं.

दुरुस्त्या करता करता मला स्वतःची पेटी बांधायची हौस आली. पाडलेल्या घराच्या दाराची सागवानी चौकट मिळाली होती, तिच्या फळ्या काढल्या. भाता चार वेळा केला तेव्हा मनासारखा झाला. पट्ट्या लोण्यासारख्या चालायच्या. सगळं जमलं, पण आवाज जमला नाही. बाजारातले नवे सूर बसवले होते, ते पत्र्यासारखे वाजत. दोन वर्षांची मेहनत आणि तोंड उघडलं की डबा. त्या पेटीकडे बघवायचं नाही मला.

त्याच सुमारास चाचांनी त्यांची पेटी माझ्याकडे दिली.

चाचा म्हणजे माझ्या सासुरवाडीच्या गल्लीतले शिंपी. बायकोचे शाळेचे फ्रॉक त्यांनीच शिवलेले. मी त्या घरचा जावई, म्हणून अख्ख्या गल्लीचा जावई. ते मला जावईबापूच म्हणत. दुकानात मशीनच्या मागे त्यांची पेटी असायची, वडिलांकडून आलेली. गुरुवारी दर्ग्यात तिच्यावर गायचे, आणि समोरच्या देवळात भजन असलं की तिथंही पेटी घेऊन तेच बसायचे. काळी एक पट्टीला सा धरून गात. आवाज मोठा नव्हता, पण गंधारावर आले की रस्त्यानं जाणारा माणूस सायकलवरून पाय खाली टेकायचा. हे मी स्वतः बघितलं आहे.

"जावईबापू, भाता दम सोडून राहिला," ते म्हणाले. "माझाही सोडून राहिला, पण तो तुम्हाला दुरुस्त होणार न्हाई. ह्याचं बघा."

नांदेडला आणून पेटी उघडली. भात्याला घडीवर दोन चिरा होत्या, तासाभराचं काम. पण मी सूर बघितले. जाड पितळ, रुंद जिभा, हातानं घासलेल्या. एक काढून तोंडानं फुंकला. त्या एका फुंकीत माझं मन बिघडलं.

काही सुरांच्या स्क्रूखाली लाल दोऱ्याचा बारीक तुकडा दाबलेला होता. शिवणाचा दोरा. फोनवर सूर मोजायचं ॲप आहे, ते लावून बघितलं तर दोऱ्याचे सूर सगळे थोडे उतरलेले. काळी एकमधून गाणाऱ्याचा गंधार म्हणजे पांढरी चार. तिन्ही सप्तकांतल्या पांढऱ्या चारखाली दोरा होता. चाचांनी कधीतरी ते आपल्या गळ्याला जुळवून खरवडले होते आणि खूण म्हणून दोरा ठेवला होता. शिंप्याची खूण.

मी चाचांच्या पेटीतले सगळे सूर काढले आणि माझ्या पेटीत बसवले. माझे पत्र्याचे सूर पुसून, ॲपवर काट्याला काटा जुळवून, चाचांच्या पेटीत बसवले. भाता उत्तम करून दिला. लाल दोरे मी काढले नाहीत, सुरांबरोबर तेही माझ्या पेटीत आले. का, ते आजही सांगता येत नाही.

स्वतःला मात्र तेव्हा बरंच सांगितलं. जुने सूर कधीही तुटले असते, चाचांना आता कुठं रोज गायचं आहे, नवे सूर शास्त्रानं तर अचूकच आहेत. माझी पेटी ऐकून लोक म्हणायचे, काय आवाज काढलाय. मी मान खाली घालायचो. त्यांना तो विनय वाटायचा.

दिवाळीला सासुरवाडीला गेलो तेव्हा चाचांनी दुकानातून हाक मारली.

"भाता लई झकास झाला. पण जावईबापू, गंधार टोचून राहिला."

"टोचतो म्हणजे?"

"वर चढलाय. मी तिथं जातो तर तो आधीच पुढं जाऊन बसलेला असतो."

मी खिशातून फोन काढला. ॲप लावलं, पांढरी चार दाबली. काटा मधोमध आला, पडदा हिरवा झाला.

"बघा चाचा, बरोबर आहे."

ते चष्मा वर करून कितीतरी वेळ त्या हिरव्याकडे बघत राहिले. "मशीन कशाला खोटं बोलेल," ते म्हणाले.

तिथं थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी म्हणालो, "वय झालं की कानाला सूर वेगळे लागतात. आमच्या पुस्तकात दिलेलं आहे. एकदा कान दाखवून घ्या."

"असं असतं का?"

"असतं."

"हाव, वय तर झालंच," ते म्हणाले आणि सुईत दोरा ओवायला लागले.

त्यानंतर त्यांनी गाणं कमी केलं, आणि वर्षभरात बंदच केलं. कुणी विचारलं तर हसून सांगायचे, कान गेले. दर्ग्यात दुसरं कुणी गायला लागलं. मला सणासुदीला फोन करायचे, आणि दर वेळी एक प्रश्न असायचा, "तुमची पेटी कशी बोलते?" मी म्हणायचो, बरी बोलते. "वाजवत राहा. बंद नका ठेवू." मला ते म्हाताऱ्या माणसाचं अगत्य वाटायचं.

दोन वर्षांपूर्वी चाचा गेले. मेहुण्याचा फोन आला. बायको लगेच निघाली. मी प्रात्यक्षिक परीक्षेचं कारण सांगितलं. परीक्षा होती, पण माझ्यावाचून अडणार नव्हती.

मग यंदाच्या एप्रिलात ते सुरू झालं. नांदेडच्या उन्हानं लाकूड आवळतं, पट्टीखालचं चामडं नीट बसत नाही, आणि मग भाता ओढला की पट्टी न दाबताच सूर लागून राहतो. यात गूढ काही नाही, कुणाच्याही पेटीला होतं. दुपारी मी सहज भाता ओढला आणि मधली पांढरी चार आपोआप बोलायला लागली. हळू, थोडी उतरलेली. चामडं बदललं. दोन दिवसांनी पुन्हा तीच. स्प्रिंग बदलली. पुन्हा तीच. बाकी एकही पट्टी नाही. पेटीवर कापड घालून ठेवलं, तर येता-जाता कापडाकडे लक्ष जायचं. प्रयोगशाळेत नादकाटा वाजवला की मी त्याच्या खाली दुसरा सूर ऐकायचो.

एका दुपारी पुन्हा उघडून बसलो होतो. भाता ओढला. स्वयंपाकघरातून बायको दारात आली. हात पिठाचे.

"कोण गुणगुणतंय?"

"कुणी नाही. पट्टी लागून राहिली."

"चाचांची पेटी वाटली मला," ती म्हणाली. "गुरुवारी गल्लीत यायचा तसा आवाज."

"सगळ्या पेट्या सारख्याच असतात," मी म्हणालो.

ती गेली नाही. तिथंच उभी राहिली. मी भाता सोडला, सूर मिटेपर्यंत थांबलो, आणि तिला सगळं सांगितलं. फळी काढून लाल दोरे दाखवले. तिनं एका दोऱ्याला बोट लावलं, पीठ लागलं त्याला.

"माझ्या फ्रॉकच्या हेमला पण ह्योच दोरा असायचा," एवढंच म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "नेऊन द्या. मी येणार न्हाई. तिच्या तोंडाकडं मला बघवणार न्हाई."

ती म्हणजे चाचांची मुलगी. आता दुकान तीच चालवते. माझ्या बायकोला आपा म्हणते, मला दाजी.

मी सगळे सूर काढले, एकेक कागदात गुंडाळून डब्यात भरले आणि सकाळच्या एसटीनं लातूरला गेलो. डबा मांडीवर होता. खड्ड्यात गाडी आदळली की आतून बारीक किणकिण व्हायची.

मुलीनं चहा मागवला, आपा का नाही आली ते विचारलं. मी कप खाली ठेवून सांगितलं. लांबवलं नाही. सूर बदलले, मीच बदलले, आणि चाचांचे कान ठीक असताना गेले म्हणून सांगितलं.

तिनं मशीनवरचं कापड बाजूला केलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"दोनदा डॉक्टरकडं नेलं मी त्यांना," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणायचे, वयाच्या मानानं कान छान हायत. अब्बा ऐकायचे न्हाईत. म्हणायचे, जावईबापूंनी मशीनवर दाखवलं. तिसऱ्या वेळी मी नंबर लावला तर म्हणाले, राहू दे बेटी, कानाचं काही न्हाई, कळलं मला. काय कळलं, ते बोलले न्हाईत."

"पण ते तर सगळ्यांना शेवटपर्यंत..."

"हाव. सगळ्यांना कान गेले म्हणूनच सांगायचे. मला वाटायचं, म्हातारपणाचा हट्ट."

तिनं कपाटावरून पेटी काढून माझ्यासमोर ठेवली. "बसवा," म्हणाली, आणि मशीनवर जाऊन बसली.

मी झाकण काढलं, फळी उचलली. माझेच पत्र्याचे सूर ओळीनं बसलेले. आणि मधल्या पांढऱ्या चारच्या स्क्रूखाली लाल दोरा.

आधी मला वाटलं, मीच चुकून एक ठेवला असेल. मग सूर काढून बघितला. सूर नवा होता, मी बसवलेला. जिभेच्या बुडाशी खरवडल्याच्या ताज्या रेघा होत्या, वेड्यावाकड्या, थरथरत्या हाताच्या. फुंकला. गंधार खाली आणलेला होता, बरोबर जिथं हवा तिथं. त्याच्या वरच्या सप्तकातल्या पांढऱ्या चारखालीही दोरा होता, पण त्या सुराला जीभ नव्हती. बुडापासून तुटली होती. पत्र्याचं पितळ, एवढं खरवडणं त्यानं सोसलं नाही.

म्हणजे चाचांनी पेटी उघडली होती. आपले दोरे नाहीत, हे त्यांना दिसलं होतं. ते कुठं गेले, हे ओळखायला त्यांना मशीन लागलं नसणार. त्यांनी परक्या सुरांवर नव्यानं हात चालवायला घेतला, एक जमला, दुसरा मोडला, आणि त्यांनी झाकण लावून टाकलं. मग गल्लीला सांगत राहिले की कान गेले. गल्लीच्या जावयाचं नाव त्यांनी कुठंही येऊ दिलं नाही. आणि मला फोनवर विचारत राहिले, तुमची पेटी कशी बोलते. बंद नका ठेवू.

मी ते मुलीला सांगितलं, दोन्ही सूर तळहातावर ठेवून दाखवले. मशीन थांबलं. तिनं टेबलाच्या खणातून एक काडेपेटी काढली. आत पितळाचा एक चिमुकला तुकडा होता, तुटलेली जीभ.

"त्यांच्या सुयांच्या डबीत सापडली होती," ती म्हणाली. "कशाची हाय ते कळत नव्हतं, म्हणून ठेवली."

संध्याकाळपर्यंत मी सूर बसवत होतो. ती ब्लाऊज शिवत होती. शेवटचा स्क्रू आवळून मी भाता ओढला आणि पेटी तिच्याकडे सरकवली. तिला वाजवता येत नाही. तिनं एका बोटानं पट्ट्या दाबत दाबत मधली पांढरी चार शोधली आणि दाबून धरली. भात्यातली हवा संपेपर्यंत बोट उचललं नाही.

"दाजी, तुम्ही निघा आता," ती म्हणाली. "शेवटची गाडी चुकेल. आपाला सांगा, मी फोन करेन." मग काडेपेटी माझ्या हातात दिली. "हे तुमचं हाय."

माझी पेटी आता रिकामी आहे. फळीवर सुरांच्या जागा आहेत, सूर नाहीत. नवे आणून बसवता येतील, पण मी आणलेले नाहीत. काडेपेटी तिच्या पोटात ठेवली आहे. रविवारी दुपारी कधी झाकण काढतो, भाता ओढतो, पांढरी चार दाबतो. नुसती हवा येते. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थोडा वेळ थांबतो, मग पुन्हा सुरू होतो. कोण आहे म्हणून बायको आता विचारत नाही.