पार्सलात कपडे आहेत

ती दुपार अजूनही माझ्या मनातून गेलेली नाही. सलग दुसरे वर्ष पाऊस नव्हता. मी बीड जिल्ह्यात फौजदार होतो आणि ठाण्यातले निम्मे शिपाई टँकरच्या बंदोबस्तावर असत. अशात नेकनूरच्या पलीकडच्या एका गावातून फोन आला की पोस्टात बॉम्ब फुटला.

जाऊन पाहिले तर टेबलाच्या फळ्या उडालेल्या, भिंतीवर रक्त. आलेल्या पार्सलवर शिक्का मारताना स्फोट झाला होता. पोस्टमनच्या उजव्या हाताची बोटे गेली होती आणि दोन्ही डोळे. त्याला जीपमधून बीडच्या दवाखान्यात पाठवून आम्ही पंचनामा केला. पार्सलच्या जळक्या कापडावर एकच नाव वाचता येत होते, गावच्या सोसायटीच्या चेअरमनचे.

सोसायटीची निवडणूक तोंडावर होती. संशय कोणावर जाणार हे उघड होते. चेअरमनच्या विरोधकाने विहिरीसाठी सुरुंगाच्या केपा आणल्याची खबर संध्याकाळीच आली. केप म्हणजे सुरुंग उडवणारी बोटभर नळी. जोराचा ठोका बसला तरी फुटते. आम्हाला सापडलेले तुकडे तसल्याच नळ्यांचे होते. विरोधकाला ठाण्यात आणले. चौकशीत तो एकच सांगत राहिला की केपा ठेकेदाराच्या होत्या आणि सगळ्या विहिरीत वापरल्या. ठेकेदारानेही तेच सांगितले. मला विरोधक खोटा वाटत नव्हता, पण गावात दोन तट पडले होते आणि अटकेसाठी वरून विचारणा होत होती.

पोस्टावर मी एक शिपाई ठेवला होता. एके सकाळी माळावरच्या वस्तीतला एक तरुण मेंढपाळ तिथे आला आणि आपले पार्सल आले का, असे विचारू लागला. शिपायाने त्याला माझ्यापुढे उभे केले. पार्सल थोरल्या भावाने धाडले होते, तो दूर एका दगडाच्या खाणीवर कामाला होता. पत्त्यात चेअरमनचे नाव होते, कारण वस्तीवर पत्रे पोचत, पण पार्सले चेअरमनच्याच घरी उतरत.

"आत काय होतं?" मी विचारले.

तो म्हणाला, "केपा. हिरीला खाली पाषाण लागलाय, साहेब. मेंढरं मरायलीत. एसटीत कंडक्टर घेऊ देत न्हाई, म्हनून भाऊ म्हनला पोस्टानं धाडतो."

बॉम्ब चेअरमनसाठी होता, असेच त्यानेही ऐकले होते. फुटले ते तुझेच पार्सल, असे मी सांगितले तेव्हा त्याने आधी पोस्टमनची चौकशी केली. तोच पोस्टमन माळ तुडवत वस्तीवर येई आणि या दोघा भावांच्या आईला थोरल्याची पत्रे वाचून दाखवी.

विरोधकाला सोडून दिले आणि थोरल्याला खाणीवरून ताब्यात घेतले. केपा त्याने गोदामातून चोरल्या होत्या. पार्सल घेताना खाणीजवळच्या पोस्टातल्या बाईंनी आत काय आहे ते विचारले होते. त्याने कपडे सांगितले. स्फोटक वस्तू टपालाने पाठवण्यास मनाई असल्याचा फलक खिडकीशेजारीच होता आणि त्याला वाचता येत होते.

"खरं सांगितलं असतं तर घेतलं नसतं," तो म्हणाला.

त्याला सक्तमजुरी झाली. धाकट्याची उरलेली मेंढरे त्याच उन्हाळ्यात गेली.

जबाब घ्यायला मी दवाखान्यात गेलो तेव्हा पार्सल कोणाचे होते ते पोस्टमनला सांगितले. डोळ्यांवर पट्ट्या होत्या, त्यामुळे चेहऱ्यावरून काही कळेना. तो म्हणाला, "वर 'जपून' एवढं जरी लिवलं असतं, तरी मी शिक्का हळू मारला असता."

गुन्हा घडला की वैर कोणाचे होते ते आधी शोधायचे, हे मी नोकरीत शिकलो होतो. या स्फोटामागे कोणाचेच वैर नव्हते. टपालाचे नियम आपली अडवणूक करायला केलेले आहेत, असे खिडकीपुढच्या माणसाला वाटते. आपल्यानंतर ते पार्सल किती जणांच्या हातांतून जाणार, हे त्याच्या मनातही येत नाही. थोरल्याच्या तर त्यातले पोस्टमनचे हात ओळखीचे होते.