डॅशबोर्डमागच्या निंबोळ्या

आमच्या पहिल्या गाडीचा ए.सी. लावला की डॅशबोर्डच्या आतून मांडणीवरची भांडी हलावीत तसा खडखडाट व्हायचा. दुसऱ्या घरातली माणसं कुरकुर करून गप्प बसली असती. माझ्या सासूबाईंनी चालत्या गाडीचं दार उघडलं. चाकूरच्या अलीकडे, एक पाय बाहेर. हे गाडी चालवत होते, मी त्यांच्या शेजारी होते, पदर धरला म्हणून राहिल्या.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. भूकंपाच्या त्या पहाटे त्या म्हशीला वैरण टाकायला अंगणात आल्या होत्या. आत भांडी वाजली. मांजर शिरलं असेल, म्हणून त्यांनी बाहेरूनच "हाड" केलं. तेवढ्यात दगडमातीचं घर आत झोपलेल्या सासऱ्यांवर आणि धाकट्या नणंदेवर बसलं. तेव्हापासून काहीही खडखडलं की आत्याबाई मांजर आहे का ते बघायला थांबत नसत. सरळ बाहेर.

आम्ही त्यांना लातूरला आणलं. भूकंपानंतर या शहरातली माणसं कितीतरी दिवस रस्त्यावर झोपली होती, आणि आता तीच माणसं क्लासच्या पोरांना भाड्यानं द्यायला मजल्यावर मजले चढवत होती. मीही एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवायची. त्या कमाईतून ती जुनी गाडी आलेली. आत्याबाई पत्र्याखाली झोपायच्या, आणि गाडीही भिंतीजवळ लावू द्यायच्या नाहीत. "भिंतीचा काय भरोसा? लावा तिकडं लिंबाखाली." आम्ही कडुलिंबाखाली लावत होतो. भूकंप बघितलेल्या माणसाशी भिंतीवरून कोण वाद घालणार?

मग त्यांना गर्भपिशवीचा कॅन्सर निघाला. दर सोमवारी नांदेडला मशीनवर शेक, म्हणजे रेडिएशन, घ्यायचा. ऐन मे महिना. पहिल्या वेळी काचा उघड्या ठेवून नेलं, तर लोह्याजवळ त्या बेशुद्ध पडल्या आणि ताप चढला. शेक झालाच नाही. डॉक्टर म्हणाले, "अशा भाजून आणणार असाल तर आणू नका. आणि असे तीन शेक चुकले तर पुढच्यांचा उपयोग नाही." म्हणून पुढच्या खेपेला ए.सी. लावला, तर चाकूरजवळ हे. तो शेकही गेला. आता तिसरा चुकवायचा नव्हता. तो आवाज घालवायचा, नाहीतर आत्याबाई घालवायच्या, इतकं ते सरळ होतं.

त्या वेळची मी म्हणजे काय विचारता. फिजिक्सची बाई. निदान आधी, तपासणी नंतर. पहिला गुन्हेगार मी डॅशबोर्डवरचा मान हलवणारा गणपती ठरवला. त्याला काढला, आवाज तसाच. मग यांना कॉम्प्रेसरवर व्याख्यान दिलं, अगदी हातवारे करून, आणि नव्यानं गॅस भरून आणायला लावला. आवाज होता तो आणखी गार झाला. गॅरेजवाल्यानं फटीफटीत स्पंज कोंबला आणि म्हणाला, "ताई, जुनी गाडी हाय, वाजूनच राहणार."

शेवटी मला सुचलं ते सातवीतल्या पोराला पहिल्यांदा सुचलं असतं. इंजिन बंद ठेवून नुसती किल्ली फिरवली आणि पंखा लावला. एकवर आवाज नाही. दोनवर बारीक. तीनवर भांडी. म्हणजे कॉम्प्रेसर बिचारा निर्दोष, खडखड पंख्याचीच. मी समोरचा खण काढला आणि साडी खोचून, डोकं खाली पाय सीटवर अशी आत घुसले. हे बॅटरी धरून होते. मराठीचे मास्तर, पण त्यांना त्या क्षणी एकही शब्द सुचला नाही, हे त्यांचे माझ्यावरचे उपकारच.

पंख्याचं गोल डबडं उतरवलं. आत वाळका पाला आणि मूठभर निंबोळ्या. समोरच्या काचेखालची हवा ओढायची जाळी फाटली होती, तिथून सगळा लिंब आत उतरला होता. भिंतीपासून लांब लावलेल्या गाडीत.

मी ते आत्याबाईंना सांगितलं नाही. जाळीच्या जागी चाळणीचा तुकडा बसवला. तरी तीनवर काहीतरी थरथरत होतं. आत्याबाई मागच्या सीटवर, दार उघडं, पाय जमिनीवर.

"हाय आजून."

"आता?"

"हाय. बारीक हाय, पर हाय."

हवेचा नळ पत्र्याला घासत होता. त्यांच्याच जुन्या लुगड्याची घडी करून मधे कोंबली. पंखा चारवर नेला. बराच वेळ त्या ऐकत राहिल्या. मग त्यांनी पाय आत घेतले आणि स्वतः दार लावलं.

तिसऱ्या सोमवारी नांदेडला पोचेपर्यंत त्या झोपल्या. भूकंपानंतर बंद दारामागे झोपलेलं मी त्यांना तेव्हाच पाहिलं. शेक झाला. त्याच्या पुढचाही झाला. नंतरच्या खेपेला डॉक्टरांनी फोटो बघितले आणि मला व्हरांड्यात बोलावलं. आजार यकृतात उतरला होता. "आता आणू नका. घरीच जपा."

परतीला गाडीत काहीच वाजत नव्हतं. त्यामुळे बोलायला माझ्याकडे काही निमित्तही नव्हतं.

"म्होरल्या सोमवारी कवा निघायचं गं?"

"पुढच्या सोमवारी नाही, आत्याबाई. तिथलं मशीन बिघडलंय."

"मंग तू हुतीस की तिथं. घुसायचं आत, पाय वर करून. निंबोळ्या असतील."

निंबोळ्यांचं मी त्यांना सांगितलं नव्हतं; त्यांनी बघितलंच होतं. हे हसले. अहमदपूर येईपर्यंत ते हसू त्यांच्या तोंडावर तसंच राहिलं, पुसायचं राहून गेल्यासारखं.

आत्याबाईंनी काच वर आहे ना ते हात लावून बघितलं आणि टेकून बसल्या. "वाढीव जरा गार," त्या म्हणाल्या. "आता वाजलं तरी मी उतरत न्हाई."